लक्षात राहील असा स्वतःचा कोट कसा लिहायचा: अगदी पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सुरुवातीलाच एक कबुली देतो, मी पहिली दोनेक वर्षं जे काही "माझे विचार" म्हणून स्टेटसला टाकत होतो ते आता वाचलं की अंगावर काटा येतो, आणि चांगल्या अर्थाने नाही. "आयुष्य हा एक प्रवास आहे", "स्वप्नं बघा, ती नक्की पूर्ण होतील", असलं सगळं. लाइक यायचे, कारण ओळखीचे लोक लाइक देतातच, पण दुसऱ्या दिवशी कोणाला विचारलं की काल मी काय लिहिलं होतं तर कोणाला आठवायचं नाही. मलाही नाही. तिथून मग हळूहळू जे समजत गेलं ते इथे सांगतोय, ज्यांना खरंच एखादं वाक्य असं लिहायचंय की दुसऱ्याच्या तोंडात बसेल त्यांच्यासाठी.

आधी ते कोरं पान बंद करा

नवीन माणूस कोट लिहायला बसतो म्हणजे काय करतो, तर नोट्स उघडतो आणि विचार करतो की आज प्रेमावर लिहू की मैत्रीवर की यशावर. इथेच गाडी चुकते. विषय घेऊन बसलं की डोक्यात आधी तेच येतं जे आपण हजार वेळा वाचलंय, शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारापासून सकाळच्या गुड मॉर्निंगच्या फोटोपर्यंत. ते सगळं आत भरलेलंच असतं, त्यामुळे आपल्याला वाटतं सुचलं, पण ते सुचलेलं नसतं, आठवलेलं असतं.

म्हणून पहिली पायरी ही लिहायची नाहीच, ऐकायची आणि बघायची आहे. फोनमध्ये एक नोट करा आणि महिनाभर तिच्यात फक्त घडलेल्या गोष्टी टाका. विचार नाही टाकायचे, गोष्टी टाकायच्या. कोण काय बोललं, जसंच्या तसं. काय विचित्र दिसलं. कुठे आपलं आपल्यालाच हसू आलं किंवा लाज वाटली.

एक उदाहरण सांगतो. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली होती, दुरुस्त करायला आलेला माणूस पान्याने काहीतरी पिळत होता आणि जिन्यात आम्ही चारपाच जण गप्पा मारत उभे, तर तो मान वर न करता म्हणाला, "लिफ्ट बंद पडली की शेजारी भेटतात." झालं. पुन्हा कामाला लागला. त्या माणसाला आपण काही भारी बोललो हे माहीतही नव्हतं. मी ते घरी येऊन लिहून ठेवलं, पण ते वाक्य त्याचं आहे, माझं नाही, हे पण बाजूला लिहिलं. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, कारण सहा महिन्यांनी नोट उघडली की ऐकलेलं कुठलं आणि स्वतःचं कुठलं हे खरंच कळत नाही आणि मग माणूस प्रामाणिकपणे चोरी करतो.

काही शब्द काही दिवस बंद

आयुष्य, स्वप्न, यश, संघर्ष, नातं, विश्वास, प्रवास, भरारी. हे शब्द वाईट नाहीत, पण पहिले दोन महिने वापरायचेच नाहीत असं स्वतःला सांगा. त्यांच्याशिवाय लिहायला लागलं की नाइलाजाने खऱ्या वस्तूंकडे जावं लागतं, चावी, जिना, चष्मा, न उचललेला फोन.

आणि "आयुष्य हे अमक्यासारखं असतं" हा साचा तर कायमचाच बंद केला तरी चालेल. त्याची एक टेस्ट आहे. आयुष्य पतंगासारखं असतं असं लिहिलंत ना, आता पतंगाच्या जागी समोर दिसेल ती वस्तू टाका. छत्री. सायकल. स्टेपलर. आयुष्य हे स्टेपलरसारखं असतं, आतून रिकामं झालं तरी लोक वरून दाबतच राहतात. बघा, बसलं! (जरा जास्तच बसलं, पण मुद्दा तो नाही.) जी तुलना कुठल्याही वस्तूबरोबर बसते ती तुलना काही सांगत नसते, ती फक्त साचा चालवत असते.

कच्च्या नोटवरून कोटपर्यंत: एकच वाक्य, सगळे खर्डे

आता मुख्य काम. हे मी एकाच उदाहरणावर दाखवतो कारण दहा टिप्स वाचून काही होत नाही, एक वाक्य शेवटपर्यंत घासलेलं बघितलं की कळतं.

माझ्या नोटमधली मूळ नोंद अशी होती: एका फॉर्मवर घरच्या कोणाचा तरी नंबर लिहायचा होता, माझा फोन बंद पडलेला, सख्ख्या भावाचा नंबर आठवेना म्हणजे आठवेनाच, पण कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेला घरचा लँडलाइन नंबर मात्र घडाघडा आठवला.

पहिला खर्डा, लाज वाटते पण दाखवतो:

"जुन्या आठवणी कधीच पुसल्या जात नाहीत."

बघा काय झालं. फोन गेला, फॉर्म गेला, भाऊ गेला, सगळं गेलं आणि उरला तो भिंतीवरचा सुविचार. ही नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक, की हातात खरी गोष्ट असताना आपण लगेच तिचं तात्पर्य काढतो आणि गोष्ट फेकून तात्पर्य ठेवतो. उलटं करायचं असतं. गोष्ट ठेवा, तात्पर्य वाचणारा काढेल, त्याला तेवढी अक्कल असते.

दुसरा खर्डा:

"आजकाल कोणाचेच नंबर पाठ नसतात, पण लहानपणचा लँडलाइन मात्र अजून आठवतो."

हे खरं आहे, वस्तू परत आली, पण या गप्पा झाल्या. हे वाक्य ऐकून माणूस "हो ना यार" म्हणेल आणि पुढच्या विषयाकडे जाईल. शिवाय "आजकाल" आणि "मात्र" हे दोन्ही भरताड आहेत.

तिसरा:

"बंद झालेले नंबरच पाठ असतात."

लांबी एकदम कमी झाली, आणि इथे एक गंमत बघा, "च" कुठे लावलाय. "नंबरच पाठ असतात" म्हणजे नंबर सोडून दुसरं काही पाठ नसतं असा वास येतो. मला म्हणायचं होतं की फक्त बंद झालेलेच. म्हणून "बंद झालेलेच नंबर पाठ असतात." एक अक्षर तीन अक्षरं मागे सरकलं आणि अर्थ बदलला. आपल्या भाषेत च, ही, तर, ना, की या बारक्या अक्षरांत जेवढी ताकद आहे तेवढी मोठमोठ्या शब्दांत नाही. टिळकांचं स्वराज्याचं वाक्य आठवा, "स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच". त्यातला शेवटचा "च" काढून म्हणून बघा. नुसतं "मिळवणार". हवाच निघून जाते.

पण माझ्या तिसऱ्या खर्ड्यात अजून एक अडचण होती, शेवटचा शब्द "असतात".

शेवटच्या शब्दाचं दुखणं

इथे थोडं थांबतो कारण माझ्या मते मराठीत कोट लिहिणाऱ्याचा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम हाच आहे आणि बाहेरच्या टिप्स वाचून तो कळत नाही. कोणत्याही वाक्यात जोर शेवटावर पडतो. विनोद सांगताना आपण ठसका शेवटी ठेवतो तसंच. पण मराठी वाक्य साधारणपणे क्रियापदावर संपतं, आणि कोटात ते क्रियापद बहुतेक वेळा असतं, असते, होतं, आहे, लागतं यांपैकी एक. म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या खुर्चीवर आपण सगळ्यात पुचाट शब्द बसवतो.

आपल्या म्हणींनी हे केव्हाच ओळखलंय. दिव्याखाली अंधार. अति तेथे माती. दुरून डोंगर साजरे. कामापुरता मामा. एकातही "आहे" नाही, "असतो" नाही. "दिव्याखाली अंधार असतो" म्हणून बघा, लगेच विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य वाटायला लागतं.

तर करायचं काय. एक तर क्रियापद गिळून टाकायचं. नाही जमलं तर वाक्य उलटं फिरवायचं, म्हणजे जोराचा शब्द शेवटी येईल. नाहीतर क्रियापदच असं घ्यायचं ज्याला स्वतःचं वजन आहे, "खुपतं", "ठणकतं", "निसटतं" असलं काही. मात्र सगळ्या वाक्यांचं क्रियापद कापत सुटू नका, तार आल्यासारखं वाटतं. मीच "बंद झालेलेच नंबर पाठ" असं करून बघितलं होतं, ते वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटलं म्हणून सोडून दिलं.

मग फिरवून बघितलं:

"पाठ आहेत ते नंबर बंद, चालू आहेत ते पाठ नाहीत."

हा तोल छान होता, इकडून तिकडे, आरशासारखा. दोन दिवस मी यावर खूश होतो. मग लक्षात आलं की दुसरा अर्धा भाग पहिल्याचंच समजावून सांगणं आहे, जे ऐकणाऱ्याला आपसूक कळतंय ते मी परत सांगतोय. कापला. उरलं:

"पाठ आहेत ते नंबर बंद."

शेवटचा शब्द "बंद", आणि वाक्यही तिथे दार लागल्यासारखं बंद होतं. लँडलाइन गेला, भाऊ गेला, पण वस्तू राहिली, आणि आता ते फक्त फोनबद्दल नाही, ज्याला जे आठवायचं ते त्याला आठवतं.

हे असं का चालतं याला थोडा आधारही आहे. २०१२ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सिनेमातले लोकांच्या लक्षात राहिलेले डायलॉग घेतले आणि त्याच पात्राचे, त्याच सुमाराला बोललेले, तेवढ्याच लांबीचे पण कोणालाच न आठवणारे डायलॉग शेजारी ठेवून तुलना केली. त्यात निघालं असं की लक्षात राहणाऱ्या वाक्यांत शब्दांची निवड जरा वेगळी, अनपेक्षित असते, पण वाक्याची रचना मात्र एकदम साधी, रोजची असते. आणि दुसरं म्हणजे ती वाक्यं एका प्रसंगाला चिकटून नसतात, भूतकाळ कमी, "तो", "ती" कमी, त्यामुळे ती उचलून दुसरीकडे नेता येतात. नवीन माणूस बरोबर उलटं करतो, शब्द सगळ्यांचे घेतो आणि रचना कवितेसारखी वाकडीतिकडी करतो. "वासरात लंगडी गाय शहाणी" बघा, रचना लहान मुलाला कळेल अशी, पण एका ओळीत वासरू, लंगडी गाय आणि शहाणपण, असे तीन शब्द एकत्र येतील अशी कोणाची अपेक्षा नसते.

कानाचं काम

लिहिलेलं मोठ्याने म्हणा. मनात नाही, तोंडाने. एका श्वासात झालं पाहिजे, आणि मध्ये कुठेतरी एक नैसर्गिक थांबा आला पाहिजे. म्हणी मोजून बघा हवं तर. "थेंबे थेंबे, तळे साचे", चार अक्षरं आणि चार. "नाचता येईना, अंगण वाकडे", सहा आणि सहा. कोणी मोजून केलं नसणार, तोंडातोंडी फिरताना झिजून झिजून ते मापात आलं असणार. तुमच्या वाक्याचे दोन भाग अगदी सारखे नसले तरी चालतात, पण एक भाग तीन अक्षरांचा आणि दुसरा पंधराचा असेल तर तो लंगडणारच.

यमक जुळवायचं का? जपून. २००० साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना यमक असलेली आणि तोच अर्थ पण यमक मोडलेली अशी वचनं दाखवली, तर लोकांना यमकवाली जास्त खरी वाटली. गंमत म्हणजे ध्वनीकडे लक्ष न देता फक्त अर्थावर मत द्या असं सांगितल्यावर हा फरक बराच कमी झाला. म्हणजे यमक हे औषधाच्या वरचं साखरेचं कव्हर आहे, आत औषध नसेल तरी लोक गिळतात. मग ज्याला खरं काही सांगायचंय त्याने ते वापरू नये का, तर वापरावं, पण आधी यमक काढून वाक्य उभं राहतं का ते बघावं आणि मगच परत लावावं. शेवटी यमक जुळवायला म्हणून जो शब्द घुसडला जातो तो लांबूनही ओळखू येतो. त्यापेक्षा शब्दांच्या सुरुवातीचा आवाज सारखा ठेवणं सोपं पडतं, "जय जवान, जय किसान" मधला ज कानात कसा वाजतो तसं.

शब्द निवडताना अजून एक, संस्कृतातले जड शब्द आले की वाक्य फोटोखाली शोभतं पण तोंडात बसत नाही. वेदना लिहिण्याऐवजी "कळ" लिहून बघा. प्रतीक्षेऐवजी "वाट". आणि एकाच वाक्यात "असते" आणि "असतं" दोन्ही नको, एक काहीतरी ठरवा, पुस्तकी किंवा बोली.

विरोधाभासाचा मोह

"अमुक नाही, तमुक" हा साचा इतका सोपा आहे की पाच मिनिटांत वीस वाक्यं होतात. पैसा नाही, मन मोठं लागतं. घर नाही, माणसं महत्त्वाची. हे लिहिताना फार हुशार वाटतं म्हणून सांगतो, वहीत दहातलं एक असं चालेल, त्यापुढे वाचणाऱ्याला कळतं की मशीन लागलंय. खरा विरोधाभास वाक्यात नसतो, बघितलेल्या गोष्टीत असतो. लिफ्ट बंद पडल्यावर शेजारी भेटणं हा खरा विरोधाभास आहे, तो त्या माणसाने बनवला नाही, त्याला दिसला.

तपासणी

झालं लिहून की लगेच टाकू नका. निदान एक रात्र जाऊ द्या. सकाळी स्वतःलाच विचारा, "बरं, मग?" वाक्य गप्प बसलं तर तेही गप्प ठेवा.

मग उलटी चाचणी. तुमच्या वाक्याच्या विरुद्ध वाक्य जगात कोणीतरी मनापासून म्हणेल का? "मेहनतीने यश मिळतं" याला कोणी नाही म्हणत नाही, म्हणूनच ते कोणी ऐकतही नाही. "पाठ आहेत ते नंबर बंद" याला एखादा म्हणू शकतो की नाही बाबा, मला माझ्या आईचा चालू नंबर पाठ आहे. म्हणू दे की. वाद घालण्याइतकं तरी काहीतरी त्यात आहे.

नंतर सर्च. पूर्ण वाक्य अवतरण चिन्हांत टाकून गूगल करा, आणि फक्त मराठीत करून थांबू नका, हिंदी आणि इंग्रजीत पण तोच अर्थ टाकून बघा कारण आपल्याकडे "मराठी सुविचार" म्हणून फिरणाऱ्या पुष्कळ ओळी तिकडून उचलून आणलेल्या असतात आणि आपल्या डोक्यात त्या मराठी होऊन बसलेल्या असतात. कल्पना सापडली आणि शब्द वेगळे असतील तर ठीक आहे, जगात नवीन कल्पना किती उरल्यात. पण वस्तू पण तीच, वळण पण तेच असेल तर सोडून द्या, हळहळायचं नाही, नोटमध्ये अजून माल आहे.

आणि सगळ्यात खरी टेस्ट मित्राची. त्याला वाक्य पाठवू नका, बोलता बोलता सहज म्हणा आणि विषय बदला. दोनतीन दिवसांनी विचारा, मी त्या दिवशी नंबरबद्दल काय म्हणालो होतो रे? तो जे सांगेल ते लिहून घ्या, आणि चुकीचं सांगितलं तर जास्त नीट लिहून घ्या. माझा मित्र म्हणाला, "तेच ना, पाठ आहेत ते नंबर लागत नाहीत."

मी "बंद" म्हटलं होतं. त्याच्या तोंडात ते "लागत नाहीत" झालं, कारण माणसं तसंच म्हणतात, बंद हा कंपनीचा शब्द आहे. माझ्या शेवटच्या शब्दाच्या सगळ्या थिअरीला सुरुंग लागला, वाक्य परत "नाहीत" वर जाऊन संपलं, पण कितीही वेळा म्हणून बघितलं तरी त्याचंच जास्त बोलल्यासारखं वाटतं. मोठ्यामोठ्यांचं पण हेच होतं. चर्चिल १३ मे १९४० ला संसदेत चार गोष्टी म्हणाला होता, रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम. लोकांनी कष्ट वगळले, बाकीच्यांचा क्रम बदलला आणि रक्त, घाम, अश्रू एवढंच ठेवलं. तिनाचा ठेका तोंडाला बरा पडतो. तेव्हा मित्राने बदललेलं वाक्य आधी भांडण न करता ऐका, कधी कधी तो तुमचा शेवटचा खर्डा असतो.

टाकताना

एक वाक्य, खाली नाव, बस. स्पष्टीकरण नको, तीन इमोजी नको, सूर्यास्त तर अजिबात नको. आपल्या नोटमध्ये मात्र तारीख घालून ठेवा, कारण वाक्य चांगलं असेल तर नाव पहिलं गळतं. "तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याचा तुमचा हक्क मी मरेपर्यंत जपेन" हे फ्रेंच विचारवंत व्हॉल्टेअरचं म्हणून जगभर सांगतात ना, ते लिहिलंय इव्हलिन बिअॅट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ साली, त्याच्या मित्रांवरच्या पुस्तकात, व्हॉल्टेअरची भूमिका थोडक्यात सांगायला म्हणून. तोवर व्हॉल्टेअरला जाऊन सव्वाशे वर्षं उलटली होती. आणि ते पुस्तक सुद्धा तिने टोपणनावाने काढलं होतं.

माझ्या नंबरच्या वाक्याचं काय झालं ते सांगून थांबतो. सातआठ महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर एका मावशीने तेच पाठवलं, मित्रानेच कुठेतरी टाकलं असणार कारण त्यात "लागत नाहीत" होतं, मागे सूर्यास्त, खाली एका फार मोठ्या माणसाचं नाव जो मोबाइल यायच्या कितीतरी आधी गेला. वर मावशीने लिहिलं होतं, "बघ, असं काहीतरी लिहीत जा."

मी अंगठा दाखवला.